जुन्या दुर्मिळ कार्टून शॉर्ट्समध्ये एवढं काय आहे?

निशाचर
मंडळी, सध्या रात्री जेवणं उरकली की १९३०च्या आसपासची अमेरिकेतल्या फ्लायशर स्टुडिओची कार्टून्स बघत बसतो. तोकड्या फ्रॉकवाली बेटी बूप, कोको जोकर वगैरे, प्रिंट खरखरीत, स्टोरीचा पत्ता नाही, तरी एक संपलं की दुसरं लावतोच. बायको म्हणते म्हातारा झालास. पण लहानपणी पोपाय सोडला तर आम्ही यातलं काहीच बघितलेलं नाही, मग नॉस्टॅल्जिया तरी कसला? अजून कोणाला होतं का असं?

चकली_भाजणी
होतं की! पुढच्या सेकंदाला काय होईल याचा काही नेम नसतो ना. १९३३ची बेटी बूपवाली स्नो-व्हाइट बघा, डिस्नेच्या चार वर्षं आधीची, सात मिनिटांत खेळ खल्लास. कोकोचं भूत होतं आणि ते भूत गाता गाता घड्याळाच्या साखळीतलं नाणं होतं, मग दारूची बाटली. अ‍ॅनिमेटर म्हणून एकट्या रोलंड क्रँडलचं नाव आहे, म्हणूनच बहुतेक कोणी 'अरे हे काय चाललंय' म्हणून अडवलं नसावं 😄

रीळवेडा
त्या भुताची चाल नीट बघा. ती कॅब कॅलोवे या गायकाची आहे, आवाजही त्याचाच. त्याला नाचताना शूट करायचं आणि मग एकेक फ्रेम खालून काचेवर पाडून वरून चित्र काढायचं, याला रोटोस्कोप म्हणतात, स्टुडिओवाल्या मॅक्स फ्लायशरला १९१७ मध्ये पेटंट मिळालेलं. म्हणजे अंग कार्टूनचं आणि लचक जित्याजागत्या माणसाची, म्हणून अंगावर काटा येतो. साधं कार्टून असं हलत नाही हो.

खडूस_काका
उगाच डोक्यावर घेऊ नका. बरीचशी रटाळ आहेत, तेच तेच गॅग, आणि काळ्या लोकांची चित्रं तर आज बघवत नाहीत. 'दुर्मिळ' म्हटलं की आपल्याला सगळंच भारी वाटतं. १९३४ला तिकडे सेन्सॉरचे नियम कडक झाले, बेटीचा फ्रॉक लांब झाला आणि मजाच गेली, त्यानंतरची बघूच नका.

निशाचर
काका, वर्णद्वेषाचं १००% मान्य. पण पोपाय तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत असतो हो?

रीळवेडा
फ्लायशरकडे बऱ्याचदा चित्रं आधी आणि आवाज नंतर, त्यामुळे पोपायला आवाज देणारा जॅक मर्सर माइकसमोर मनाला येईल ते घुसडायचा, ओठ हलत नसले तरी. १९३६चा सिंदबादवाला रंगीत पोपाय बघितलात का? त्यात काही सीन्सना मागे खराखुरा छोटा सेट आहे, टेबलावर फिरवलेला. चांगली प्रिंट शोधा, मोबाईलवर बघू नका.