घटनेचे गाजलेले निकाल समजून घ्यायला साध्या वाचकाने काय वाचावं?

रामबागची_वाचक (इंदूर):
आमच्या वाचक कट्ट्यावर बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. यंदा कादंबऱ्यांना जरा सुट्टी देऊन सुप्रीम कोर्टाचे गाजलेले निकाल वाचायचं ठरलंय. इथला पुस्तकांचा खजुरी बाजार पालथा घातला. मिळालं काय, तर स्पर्धा परीक्षांची हिंदी गाइडं. ‘केशवानंद – मूल ढाँचा – १९७३’, की लगेच पुढचा खटला. नाहीतर मग वकिलांचे जाडजूड ग्रंथ, ज्यांची किंमत बघूनच हात मागे येतो. कोण कोणाविरुद्ध भांडलं, कशापायी, आणि कोर्ट काय म्हणालं, हे आमच्यासारख्यांना कळेल असं काही आहे का?

लष्करवाला (ग्वाल्हेर):
पुस्तकाचं माहीत नाही, पण आमच्या गावचा खटला यादीत घ्याच. माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार, १५ डिसेंबर १९७०. संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करायची घटनादुरुस्ती राज्यसभेत अगदी थोडक्यात पडली, तेव्हा राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली होती. कोर्टाने तो आदेश रद्द केला.

निवृत्त_वकील_एमजी_रोड (इंदूर):
ताई, पुस्तकांची नावं देत नाही. चांगलं पुस्तक ओळखायचं कसं ते सांगतो. दुकानात उभ्या उभ्या शाहबानोचं पान उघडा.

खटला आपल्याच गावचा. नवरा मोहम्मद अहमद खान इथलाच वकील. १९३२ चं लग्न, पाच मुलं, आणि १९७५ मध्ये बाईंना घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इथल्या मॅजिस्ट्रेटकडे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपये पोटगी मागितली. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला. नवऱ्याची कमाई वर्षाला ६०,००० च्या घरात आहे, असं बाईंचं म्हणणं. मॅजिस्ट्रेटने बांधून दिले महिना २५ रुपये! हायकोर्टाने १९८० मध्ये त्याचे १७९ रुपये २० पैसे केले, आणि एवढ्याविरुद्ध नवरा दिल्लीला अपिलात गेला. ज्या पुस्तकात हे वीस पैसे नाहीत, ते मी तरी विकत घेणार नाही. भांडण नेमकं केवढ्याचं होतं हे कळल्याशिवाय पुढचा गदारोळ समजत नाही.

आता त्याच पानाची शेवटची ओळ बघा. २३ एप्रिल १९८५ ला बाई जिंकल्या, तिथेच थांबलं असेल तर पुस्तक परत ठेवा. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीची पोटगी इद्दतीपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरती, ठेवायला केलेल्या १९८६ च्या कायद्यापाशी थांबलं असेल तरी ठेवा. कारण शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी त्याच कायद्याला आव्हान दिलं. २००१ मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला, पण अर्थ असा लावला की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची रास्त तरतूद करायची. आणि जुलै २०२४ मध्ये तेलंगणातून आलेल्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं की तलाक झालेली मुस्लिम स्त्री कलम १२५ खालीही (आता नव्या संहितेचं कलम १४४) दाद मागू शकते. निम्मी गाइडं अजून १९८६ मध्येच बसलीत.

लष्करवाले, तुमचंही तेच. १९७० ला संस्थानिक जिंकले खरे, पण १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेलेच. त्या दुरुस्तीविरुद्ध कुरुंदवाडचे संस्थानिक कोर्टात गेले आणि १९९३ ला हरले. अर्धी गोष्ट सांगू नका!

लष्करवाला:
मान्य, वकीलसाहेब. आमच्याकडे गोष्ट जिंकण्यापर्यंतच सांगतात. :)

रामबागची_वाचक:
काका, आता मला परत खजुरी बाजारात जावं लागणार. केशवानंदपासून सुरुवात करू का? सगळे तेच म्हणतात.

निवृत्त_वकील_एमजी_रोड:
अजिबात नको. घटनेचा मूळ ढाचा संसदेला मोडता येणार नाही, हे सांगणारा तो निकाल म्हणजे १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, वेगवेगळी ११ निकालपत्रं, मिळून ७०३ पानं. शेवटी ‘बहुमताचं मत’ म्हणून एक कागद काढला, त्यावर तेरांपैकी नऊ जणांनीच सह्या केल्या. पहिल्या बैठकीत हे काढलंत तर दुसरीला कोणी फिरकणार नाही.

रतलामपासून करा. नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद, १९८०. वॉर्डातली उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं सांडपाणी, संडास नाहीत म्हणून रस्त्याकडेला बसणारी माणसं. मॅजिस्ट्रेटने गटारं बांधायला सांगितली, तर नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. कृष्ण अय्यर म्हणाले, ही सबब चालणार नाही. तसं पाहिलं तर खटला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा, पण जनहित याचिकांची गोष्ट याच्याशिवाय कोणी सांगत नाही. निकाल छोटा आहे. अय्यरांच्या इंग्रजीला मात्र डिक्शनरी जवळ ठेवा.

दुसऱ्या बैठकीला एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर, १९७६. आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टात जाता येईल का? चार न्यायमूर्ती नाही म्हणाले, एकटे एच. आर. खन्ना हो म्हणाले. त्या चारांत पुण्याचे य. वि. चंद्रचूड होते, म्हणजे नऊ वर्षांनी शाहबानोचा निकाल लिहिणारे तेच. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, वडील ज्यात सहभागी होते तो निकाल चुकीचा ठरवला. ओळीने वाचलेत तर कट्ट्यावर भांडणं होतील, आणि ती व्हायलाच हवीत.

रामबागची_वाचक:
आणि मूळ निकाल कुठे मिळतात? त्याला पैसे पडतात का?

निवृत्त_वकील_एमजी_रोड:
नाही. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर फुकट आहेत. काहींची मराठी भाषांतरंही कोर्टाच्या साइटवर सापडतील. त्यांवर सूचना असते की ग्राह्य फक्त इंग्रजी प्रत, म्हणून प्रिंट काढताना दोन्ही काढा. वरती बारीक टाइपात जो सारांश असतो ना, हेडनोट, तो संपादकांनी लिहिलेला असतो. न्यायमूर्तींचे शब्द त्याखाली सुरू होतात. कोर्टात ‘हेडनोट वाचू नका, निकाल वाचा’ म्हणून बोलणी खाणारे ज्युनिअर मी रोज बघितलेत. अक्षरं मोठी करून छापा, तुमच्याकडे साठीच्या पुढचे आहेत.