मदत हवी आहे: एनएसी (कफ पातळ करणारं एन-ॲसिटिलसिस्टीन) आणि प्रतिजैविकांच्या चेकरबोर्डमध्ये (दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्या तपासणाऱ्या चाचणीत) उलटसुलट निकाल

कफातून मिळालेला स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव), एनएसी १ ते १६ मिग्रॅ/मिली, ३५ अंशांवर १८ तास. एनएसीचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) नुसत्या पाण्यात. एनएसी ८ च्या पुढे गेलं की औषध नसलेल्या वेलमध्येही वाढ शून्य. त्याखाली टोब्रामायसिनची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) १ वरून ४, मेरोपेनेमची ०.५ वरून ८. बायोफिल्मवर (जंतूंच्या चिकट थरावर) मात्र क्रिस्टल व्हायोलेटचा रंग निम्मा. एनएसी मदत करतंय की खोडा घालतंय? आणि ६०० मिग्रॅच्या गोळीने एवढी पातळी मिळते का?

प्रतिसाद: पेट्रीडिश

पाण्यातला स्टॉक, घोटाळा तिथेच. १ टक्का एनएसीचा पीएच २ ते २.८ असतो आणि या ब्रॉथची बफर क्षमता (पीएच टिकवून धरण्याची ताकद) बेताची. ८ च्या पुढचे जंतू आम्लाने मेलेत. त्याखाली ते तगतात, पण आम्लात टोब्रामायसिन पेशीत नीट शिरत नाही, म्हणून एमआयसी चढते.

अंतिम १६ साठी चौपट, म्हणजे ६४ मिग्रॅ/मिलीचा स्टॉक करा. १० मिलीला ६४० मिग्रॅ. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड साधारण ३.९ मिली लागतं; शेवटी थेंबाथेंबाने, ७.२ ला थांबा. मग दुप्पट तीव्रतेचा ब्रॉथ ५ मिली घालून पाण्याने १० करा, नाहीतर वेलमधला ब्रॉथ पातळ होतो. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, ऑटोक्लेव्ह नको, वापर त्याच दिवशी. ठेवलात तर हवेने डायसल्फाइड होतं. वेलमध्ये ५० मायक्रोलीटर एनएसी, ५० औषध, १०० जंतू (१० लाख सीएफयू/मिली, म्हणजे वसाहत करू शकणारे जिवंत जंतू). १६ च्या वेलमध्ये जवळपास १०० मिलीमोलर सोडियम जातं, तेव्हा तेवढ्याच मिठाची कंट्रोल ओळ हवीच.

प्रतिसाद: अगारवाला

मेरोपेनेमचं दुखणं मात्र पीएच सुधारून जाणार नाही. एनएसीसोबत कार्बापेनेम (मेरोपेनेमच्या गटातली) औषधंच टिकत नाहीत, सर्वांत जास्त फटका इमिपेनेमला. जंतूंशिवाय औषध आणि उदासीन केलेलं एनएसी ४ तास ३५ अंशांवर ठेवा, मग संवेदनशील ई. कोलायवर त्या मिश्रणाची डिस्क लावा. शेजारी नुसत्या एनएसीची आणि नुसत्या औषधाची. मिश्रणाच्या डिस्कभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ आक्रसलं तर दोष जंतूंचा नाही.

रंग निम्मा म्हणजे थर सुटला, जंतू मेले असं नव्हे. वरचं द्रव आणि खरवडलेला थर, दोन्हींचे सीएफयू मोजा. (टीबीच्या लॅबमध्ये थुंकी पातळ करायला हेच एनएसी वापरतात आणि टीबीचे जंतू त्यातून जिवंत निघतात.) एफआयसी निर्देशांक (जोडीतल्या एमआयसी आणि एकट्याच्या एमआयसी यांच्या गुणोत्तरांची बेरीज) ०.५ किंवा कमी असेल तरच सिनर्जी (एकमेकांना बळ) म्हणा, ४ च्या वर विरोध. एका पायरीच्या फरकावर काही बेतू नका.

प्रतिसाद: नेब्युलायझर

गोळीने? छे. तोंडावाटे जेमतेम १० टक्के रक्तात पोचतं आणि पातळी मायक्रोग्रॅममध्ये राहते, तुमच्या प्लेटहून शेकडो पटींनी कमी. नेब्युलायझरचं २० टक्के द्रावण २०० मिग्रॅ/मिलीचं असतं, एका वेळी ३ ते ५ मिली. पण त्याने श्वासनळ्या आवळू शकतात, म्हणून १०-१५ मिनिटं आधी ब्रॉन्कोडायलेटर; सक्शन हाताशी, कारण पातळ झालेला कफ एकदम वर येतो. त्याच कपात प्रतिजैविक मिसळू नका. रबर, लोखंड, तांबं टाळा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ९६ तास चालते, फिकट जांभळी झाली तरी.