समुद्रकड्यावरचा क्लाइंबिंग फोटो: लटकायचं कुठे, किती वाजता?

मुंब्रा_रविवार, ठाणे

डिसेंबरात आम्ही चौघं थायलंडमधल्या क्राबीला, रेले-टोनसाईच्या समुद्रकाठच्या कड्यांवर चढायला चाललोय. फुलफ्रेम बॉडी आहे, सोबत 16-35 आणि 70-200 मिमीच्या लेन्स. मुंब्र्याला भिंतीखालून काढलेले फोटो सगळे एकाच जातीचे येतात: बुटांचे तळवे, हार्नेस आणि वर कुठेतरी हेल्मेट. तिकडे तसं नकोय. समुद्र दिसावा, माणूस ओळखू यावा, भिंत किती उभी आहे ते कळावं. नक्की कुठे लटकायचं, कुठल्या वेळी, सेटिंग काय? रॅपल (रोपवरून उतरणं) आणि जुमारिंग (रोपवर चढणं) येतं. एक दिवस बोटीतून डीप वॉटर सोलोचे (रोपशिवाय, पडलो तर पाण्यात अशा चढाईचे) फोटोही काढायचेत.

खाडीकाठचा, ऐरोली

सेटिंग नंतर. निम्मा फोटो जागेवर ठरतो.

क्लाइंबरच्या बरोबर डोक्यावर लटकलात तर टाळू, खांदे आणि पाणी एवढंच मिळतं, आणि भिंत सपाट जमिनीसारखी दिसते. खालून काढलात तर पाणीच नाही. क्रक्सच्या (रूटमधल्या सगळ्यात अवघड जागेच्या) दोन-तीन मीटर वर आणि चढाईच्या लाइनपासून तीन-चार मीटर बाजूला असा रोप पाडा. तिथून चेहरा, पुढे गेलेला हात, खाली जाणारा रोप आणि त्याखाली पाणी, सगळं एका तिरक्या रेषेत येतं.

बाजू कुठली घ्यायची हे क्रक्सवर कुठला हात पुढे जातो त्यावरून ठरवा. उजवा हात उजवीकडे लांबच्या होल्डला (पकडीला) जात असेल तर मानही उजवीकडे वळते. तुम्ही डावीकडे लटकलात तर डोक्याची मागची बाजू आणि कोपर मिळेल. म्हणून आधी एकदा कोणाला तरी तो रूट चढताना खालून नीट बघा.

16-35 मधलं 24 च्या आसपास ठेवा. 20 च्या खाली गेलात की फ्रेमच्या कडेला आलेला पाय हत्तीचा होतो. शटर साध्या हालचालीला 1/500, डायनो (झेप) किंवा फॉल अपेक्षित असेल तर 1/1000. अ‍ॅपर्चर 5.6 ते 8, आयएसओ ऑटो. फोकस एकाच पॉइंटवर आणि तो पॉइंट हेल्मेटच्या पुढच्या कडेवर, नाहीतर कॅमेरा मधल्या रोपवर किंवा मागच्या कातळावर फोकस करून मोकळा होतो.

आपला बेसॉल्ट काळा, तिकडचा चुनखडक पांढरा-पिवळट. मुंब्र्याला कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फोटो उजळ करतो म्हणून कमी करायची सवय लागलेली असते. तिथे भिंतीने फ्रेम भरली की मीटर उलट अंधार करेल. पण फ्रेममध्ये चमकतं पाणी आलं की ते आधी जळतं. पाण्यासाठी एक्स्पोजर धरा, सावलीतला चेहरा रॉ फाइलमधून वर काढता येतो. जळलेलं पाणी परत येत नाही.

आणि खाडीतले फ्लेमिंगो टिपायची मोठी लेन्स असेल तर ती घरीच ठेवा, तिथे ती फक्त ओझं.

बेलापूर_बोल्ट

वरच्या जागेबद्दल +१. आता रोपबद्दल.

फोटोचा रोप वेगळा, अँकर (रोप बांधायची वरची पक्की जागा) वेगळा. क्लाइंबरच्या अँकरमध्ये स्वतःला अडकवू नका, त्याला टॉपवर क्लिप करायला जागा उरत नाही. 10 ते 11 मिमी स्टॅटिक (फार न ताणणारा) रोप, दोन बोल्टवर, दोन्हीवर वजन सारखं येईल असा. कडेला रोप घासत असेल तर प्रोटेक्टर. चुनखडकाच्या कडा करवतीसारख्या असतात आणि जुमारवर वरखाली होताना रोप एकाच जागी घासत राहतो. शेवटाला गाठ हवीच, आणि तो शेवट पाण्यात लोंबता कामा नये. भिजलेला नायलॉन कमजोर होतो, शिवाय लाट तो खेचून एखाद्या कपारीत अडकवते.

तिथे फक्त टायटॅनियमचे ग्लू-इन (गोंदाने पक्के बसवलेले) बोल्ट वापरा. समुद्राकाठी स्टेनलेसचे बोल्ट वरून चकाचक दिसत असतानाही आतून तडे जाऊन तुटलेले आहेत. म्हणूनच तिथल्या भिंतींवर टायटॅनियमचे ठोकायला सुरुवात झाली. झाडाला किंवा जुन्या दोराच्या तुकड्याला तर अजिबात लटकू नका.

ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भिंतीवर) एक त्रास हमखास होतो. रोप भिंतीपासून सुटून हवेत लोंबतो आणि तुम्ही भोवऱ्यासारखे गरगर फिरता. बाजूच्या एखाद्या बोल्टला पातळ दोरी बांधून हार्नेसला घ्या, फिरणं थांबतं. सरळ भिंतीवर उलटं असतं: भिंतीला चिकटून लटकल्यामुळे फोटोत अर्धी फ्रेम कातळ. तिथे दोन्ही पाय भिंतीवर टेकवून गुडघे ताठ करा. मीटरभर बाहेर आलात तरी पाण्याचा मोठा तुकडा फ्रेममध्ये येतो.

कॅमेऱ्याला गळ्यातला पट्टा पुरत नाही. त्याच्या लगवर (पट्टा अडकवायच्या कडीवर) दुसरी दोरी बांधून ती हार्नेसला. लेन्स हुड गॅफर टेपने चिकटवा, लेन्स कॅप खाली ठेवून जा. लटकलेल्या अवस्थेत लेन्स बदलायची नाही. हातातून सुटली तर खाली बिलेअर (क्लाइंबरचा रोप धरणारा) उभा असतो.

मुंब्रा_रविवार, ठाणे

दोघांचेही आभार. वेळेचं कोणी बोललं नाही. संध्याकाळचा सोनेरी उजेड धरायचा ना?

कोळीवाडा_कॅमेरा, ठाणे

इथेच सगळे फसतात. वरून पाहताना पाण्याचा हिरवा-निळा रंग सूर्य वर असतानाच दिसतो. संध्याकाळी वरून पाणी करडं दिसतं. उलट कातळाचा खडबडीतपणा तिरक्या उजेडात दिसतो. दोन्ही हवं असेल तर भिंतीवर ऊन नुकतंच येतं तो तासभर धरा. पश्चिमेकडच्या उभ्या भिंतीवर डिसेंबरात साधारण साडेबारानंतर, ओव्हरहँग असेल तर दोन-अडीचला. ऊन भिंतीला घासून खाली येतं, प्रत्येक होल्डखाली सावली पडते आणि पाणी अजून उजळलेलं असतं. पाचनंतर तेच ऊन समोरून येतं आणि भिंत सपाट होते. शिवाय क्राबी 8 अंश अक्षांशावर आहे, सूर्य जवळजवळ सरळ खाली पडतो. सोनेरी उजेड पाऊणेक तासात आटोपतो.

भरती-ओहोटी बघितल्याशिवाय रूट ठरवू नका. ओहोटीला टोनसाईसमोर खडक उघडे पडतात, रेलेच्या पूर्वेला चिखल. फोटोत निळ्याऐवजी तपकिरी येतं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार, खाडीत आत थोडी उशिरा. हे गणित तिथे चालवू नका, तिथला तक्ता वेगळा. तत्त्व मात्र तेच: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (कमी चढउताराची भरती), आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. दुपारी दोनला पाणी भरलेलं असेल असे दिवस आधीच शोधून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळही दीड तास पुढे करा, नाहीतर नंतर फोटोची वेळ आणि तक्ता जुळवताना डोकं फिरेल.

पोलरायझर फिल्टरबद्दल: पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे खडक दिसतात, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो. 16 ला आकाशात एका बाजूला काळा डाग येतो. 24 च्या पुढे वापरा, पूर्ण फिरवू नका.

खाडीकाठचा, ऐरोली

उजेडाचं मान्य, पण एक सोडलंत. माणूस टिचभर दिसेल असा लांबचा फोटो हवा असेल तर संध्याकाळच बरी, पाणी करडं झालं तरी चालतं. स्कॉटलंडचा ओल्ड मॅन ऑफ हॉय हा 137 मीटरचा सुळका घ्या. 1966 साली त्यावर पहिली चढाई झाली आणि पुढच्याच वर्षी बीबीसीने चढाई थेट दाखवली. त्याचे ओळखीचे फोटो समोरच्या कड्यावरूनच काढलेले असतात, कारण सुळक्यावरच लटकलात तर सुळका दिसणार कसा? तुमचं 70-200 अशा वेळी काढा.

कपडे: करड्या भिंतीवर लाल किंवा पिवळा, नारिंगी पट्ट्यांच्या भिंतीवर निळा. काळा आणि पांढरा नको. पांढरा खडूच्या डागांत मिसळतो.

क्षितिज सरळ ठेवा. भिंत अधिक कलती दिसावी म्हणून कॅमेरा तिरका करायची खोड असते. मुंब्र्याला खपून जाते, समुद्र मात्र चाडी खातो. आणि ती रेष क्लाइंबरच्या मानेतून जाऊ देऊ नका. तुम्ही हातभर वरखाली झालात की ती डोक्याच्या वर किंवा खांद्याखाली जाते.

बेलापूर_बोल्ट

बोटीचं राहिलं. बोट हलते, शटर 1/1000 च्या खाली नको. 70-200 पूर्ण ओढू नका, 100 च्या आसपास ठेवा, म्हणजे पडणारा माणूस आणि खालचं पाणी दोन्ही मावतं. पडायच्या जागेपासून बोट किमान 15 मीटर लांब, आणि हे चढाई सुरू व्हायच्या आधी नावाड्याला हाताने दाखवून ठरवा. सोलो भरतीलाच, खोली आधी कोणीतरी उतरून बघितलेली हवी.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर काचेवर धुकं बसतं. बंद झिपच्या पिशवीत अर्धा तास बाहेर ठेवा, मगच उघडा. लेन्सवर तुषार उडाले तर कोरड्या कपड्याने पुसू नका, मिठाचे कण कोटिंग ओरबाडतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं मायक्रोफायबर आधी, कोरडं नंतर. रोप आणि कॅराबिनर रोज रात्री बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मीठ साचलं की कॅराबिनरचं गेट अर्ध्यावर अडकतं.