पीएसए टेस्ट परत करावी का? (वय ६३, इंदूर)

रामबागकर:
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर आहे, नंतर पोहे-जलेबी. फॉर्मवर साखर, थायरॉइडच्या खाली 'पुरुषांसाठी पीएसए' असा चौकोन आहे, म्हणजे प्रोस्टेट (पुरुषांत मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी) कॅन्सरच्या तपासणीची रक्तचाचणी. टिक केली की झालं. गेल्या वर्षी मी अशीच टिक केली होती. आकडा आला २.८, शेजारी छापलेलं '४ पर्यंत नॉर्मल'. रिपोर्ट तेव्हापासून फ्रिजवर, गणपतीच्या मॅग्नेटखाली.

यंदा हात अडतोय, त्याला कारण आमचे बडोद्याचे भावोजी. वय ७१, कसलाही त्रास नसताना टेस्ट केली, आकडा ६ च्या वर गेला. बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) झाली, मग थंडी वाजून ताप, चार दिवस दवाखान्यात. निघालं काहीच नाही! आता दर सहा महिन्यांनी टेस्ट, आणि तारीख जवळ आली की त्यांचं जेवण उडतं.

म्हणून वाचायला बसलो. जन्मभर हिशेबाची नोकरी केली, आकड्यांना भीत नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. टेस्टला बोलावलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. ऐकायला बरं वाटतं. पण मूळ आकडे काढले तर न बोलावलेल्यांत शंभरात १.६ गेले, बोलावलेल्यांत १.४. दशांश न गाळता केलेल्या त्यांच्या हिशेबात ४५६ जणांना बोलवा, तेव्हा एक वाचतो. उलट बाजूला, हजारामागे २७ जणांना जास्तीचं निदान, ज्यांतल्या बऱ्याच जणांना तो कॅन्सर आयुष्यभर कळलाही नसता. तरी न्यायाने सांगायचं तर २००९ मध्ये हाच हिशेब १४१० मागे एक असा होता. वर्षं जातात तसा फायदा वाढतोय. अमेरिकेच्या अभ्यासात फरकच दिसला नाही, पण तिथे ज्यांची टेस्ट करायची नव्हती त्यांतल्या बहुतेकांनी बाहेरून करून घेतली होती, तेव्हा तो ताळेबंद मी धरत नाही.

अमेरिकेतली तज्ज्ञ समिती २०१८ पासून म्हणते, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं, सत्तरीनंतर नको. मी नेमका मधे. सौ.चं म्हणणं, "एक सुई तर टोचायची, एवढा काय कीस काढता?" पण सुईनंतर काय काय येतं ते भावोजींकडे पाहिलंय. घरात कुणाला हा कॅन्सर नव्हता. रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं, त्यावर दोन वर्षं एक गोळी चालू आहे, आता बरं आहे. गेल्या वर्षीचा २.८ धरून यंदा सोडून दिली तर चालेल का?

माळवी_मिरची:
आमच्या काकांना पाठदुखी म्हणून नेलं तेव्हा हा कॅन्सर हाडांत पोचलेला होता. तुमच्या ४५६ मधला तो एक आमच्या घरचा असता तर? टिक करा आणि पोहे खा.

लॅबवाली_ताई:
काका, टिक राहू द्या. आधी सांगा, ती रात्रीची गोळी कोणती? पाकिटावरचं नाव बघून लिहा, बारीक अक्षरातलं.

रामबागकर:
चष्मा शोधून बघितलं. टॅमसुलोसिन ०.४, ड्युटास्टेराइड ०.५. का हो?

लॅबवाली_ताई:
ड्युटास्टेराइडने पीएसए साधारण निम्मा होतो, सहाएक महिन्यांत. तुमची टेस्ट गोळी सुरू होऊन वर्ष झाल्यावरची आहे. म्हणजे तो २.८ दुप्पट करून वाचायचा, ५.६ च्या आसपास.

घाबरू नका. कॅन्सर नसताना नुसती प्रोस्टेट ग्रंथी वाढली तरी आकडा वाढतो. वाढलेल्या आकड्यावर बायोप्सी होते त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. पण तुमचा प्रश्न आता 'टेस्ट करावी का' हा नाही, झालेली नीट वाचली गेली का, हा आहे. गोळी मनाने बंद करू नका. युरॉलॉजिस्टकडे रिपोर्ट आणि पाकीट दोन्ही न्या. परत रक्त द्याल त्याआधी लघवीत इन्फेक्शन नाही ना ते बघून घ्या, दोन दिवस सायकल नको. तरीही आकडा वर असेल तर बायोप्सीआधी एमआरआयबद्दल विचारा. स्वीडनमध्ये फक्त एमआरआयमध्ये संशयास्पद दिसलेल्या जागीच सुई घातली, तर निरुपद्रवी कॅन्सर सापडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. भावोजींचं जे झालं ते त्याने बऱ्याचदा टळू शकतं.

रामबागकर:
शिबिराचा फॉर्म परत काढला. वय आहे, वजन आहे, उपाशीपोटी आहात का तेही आहे. चालू औषधांचा रकानाच नाही. आणि मी इथे ४५६ चे भागाकार करत बसलो होतो!

बुधवारी दुपारची वेळ मिळाली आहे. सौ.ने फ्रिजवरचा रिपोर्ट काढून त्याला गोळ्यांचं रिकामं पाकीट स्टेपल केलंय.