नव्या कपाटाचे दार उतरले, दुकानदार दाद देत नाही

प्रश्न (ऐरोली): तीन आठवड्यांपूर्वी ठाण्यातील एका दुकानातून ३८,००० रुपयांचे कपाट घेतले. आठव्या दिवशी मधले दार खाली उतरले. बिजागरीचे स्क्रू भुसा झालेल्या पार्टिकल बोर्डातून बोटांनी निघून येतात. दुकानदार ‘सुतार पाठवतो’ म्हणत टोलवत राहिला आणि आता बिलावरील ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवतो. काय करावे?

उत्तर (ठाणे): त्या ओळीने खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून आजच दोषाचे वर्णन, छायाचित्रे आणि बिलाची प्रत जोडून, कपाट बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत अशी लेखी मागणी करा. फोनवरच्या आश्वासनांचा पुरावा उरत नाही.

उत्तर (वाशी): तोवर स्वतःच्या सुताराला हात लावू देऊ नका. आम्ही पलंगाची फळी ठोकून घेतली आणि ‘तुम्हीच बिघडवले’ हे ऐकावे लागले; त्याची हळहळ अजून वाटते.

उत्तर (कळवा): पत्राला उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेथेही न मिटल्यास आपण राहता त्या भागाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पत्र आज स्पीड पोस्टाने पाठवते.