घोडबंदर रोडला रिसेल टू बीएचके घेतोय, सोसायटीचं काय काय बघू?

बिल्डिंग २० वर्षं जुनी आहे, टोकन द्यायच्या आधी काय विचारायचं?

– आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारा दादा, जमीन बिल्डरच्याच नावावर असेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला खूप त्रास, आम्ही विचारलंच नाही आणि आता डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी ऑफिसकडून होतं ते) कागद गोळा करत फिरतोय. सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र) पण घ्या.

– पार्किंगमधले पिलर बघा, प्लास्टर फुगून सळ्या दिसत असतील तर लाखाचं रिपेअर कॉन्ट्रिब्युशन येणार म्हणून समजा. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) लागतं, तो रिपोर्ट मागा, आणि मागच्या एजीएमचे (वार्षिक सभेचे) मिनिट्स.

– फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००, डोनेशनच्या नावाने वर मागितलं तर देऊ नका.

– थँक्यू सगळ्यांना, रविवारी परत जातो, पिलर नीट बघतो.