रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट: थराच्या तळाशी घनता मिळत नाही, मदत हवी आहे

धरणाचं काम: कोरडसर काँक्रीट थरांत पसरून रोलरने दाबायचं (सळईचं आरसीसी नव्हे). थर ३०० मिमी, १० टनी व्हायब्रेटरी रोलर, आठ पास (फेऱ्या). न्यूक्लिअर गेजवर (किरणांनी घनता मोजणारं यंत्र) वरच्या अर्ध्यात घनता ९८ टक्के, तळाला जेमतेम ९५. कोअरमध्ये (कापून काढलेल्या नमुन्यात) दोन थरांच्या जोडाजवळची खडी बोटाने सुटते. व्हीबी वेळ (कंपनाखाली मिश्रण घट्ट बसायला लागणारा वेळ; जास्त म्हणजे मिश्रण कोरडं) प्लांटवर १५ सेकंद, पसरेपर्यंत २८. मला संशय इथेच आहे.

दोन पास वाढवून पाहिले. वरची खडी फुटायला लागली, तळ तसाच. ढिगाच्या कडेला घरंगळलेली खडी परत मिसळतो, जोडावर थर चिकटावेत म्हणून १० मिमी बेडिंग मॉर्टरही आहे. सिमेंट आणि फ्लाय ॲशचं प्रमाण बदलता येत नाही.

रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) वाढवावा, की पाणी वाढवून प्लांटवरच व्हीबी १० सेकंदांवर आणावी? पाणी वाढवलं, तर रोलरपुढे लाट उठायला लागली की थांबायचं, की त्याआधीच?